फॅसिझमला पैसा भांडवलदारांनी पुरवला, मग मतं कोणी दिली?

चौकस: सध्या मार्क्सवादी मांडणी वाचतोय. बल्गेरियन कम्युनिस्ट नेते दिमित्रोव्हनी १९३५ ला कॉमिन्टर्नमध्ये (जगभरातल्या कम्युनिस्ट पक्षांची संघटना) व्याख्या केली की फॅसिझम म्हणजे वित्त भांडवलातल्या (बँका आणि बडे उद्योग यांचं एकवटलेलं भांडवल) सगळ्यात प्रतिगामी गटांची उघड दहशतीची हुकूमशाही. पटतं, पण कारखानदार असून असून किती असणार? जुलै १९३२ ला नाझींना ३७ टक्के मतं पडली, ती आली कुठून?

रातकिडा: अगदी मुद्द्याचं विचारलंत. १९२८ ला याच पक्षाला तीन टक्केसुद्धा मतं नव्हती. मग मंदी आली, बेकार साठ लाखांच्या घरात गेले, पण बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे वळला, नाझींकडे गेले ते छोटे दुकानदार, कारागीर, कारकून, कर्जात बुडालेले शेतकरी. १९२३ च्या महागाईत यांची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली होती, त्यात वरून बँका आणि मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स गळा आवळतायत आणि आपण पण मजूर होणार ही धास्ती. रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कींनी याच वर्गावर बोट ठेवलं. त्यांचा राग खरा होता हो, तो ज्यूंवर आणि युनियनवर वळवला गेला.

जुनं खोड: मतं एकाची आणि काम दुसऱ्याचं, असं झालं ते. नोव्हेंबर १९३२ ला नाझींची वीसेक लाख मतं घटली होती, तरी जानेवारीत हिटलर चॅन्सलर झाला कारण वरच्या मंडळींनी त्याला आणून बसवलं. २० फेब्रुवारी १९३३ ला नाझी नेता गोरिंगच्या घरी पोलादवाले क्रुप, आयजी फार्बेन या रसायन कंपनीची माणसं वगैरे उद्योगपती जमले, गोरिंगनी सरळ सांगितलं की ५ मार्चची निवडणूक पुढची दहा वर्षं, बहुतेक शंभर वर्षं शेवटचीच, आणि तिथेच तीसेक लाख मार्क कबूल झाले. मग १ मेला कामगार दिनाची सुट्टी, मोठा सोहळा, आणि २ मेला देशभरातल्या युनियनच्या ऑफिसांवर धाडी. ही दोन दिवसांची गोष्ट मला विसरता येत नाही.

पायवाट: थोडी असहमती. सगळं भांडवलदारांच्या इशाऱ्यावर चाललं असं नाही म्हणता येत. पक्षाला पैसे देणारा पोलाद उद्योगपती थायसेन १९३९ ला देश सोडून पळाला, त्याची मालमत्ता जप्त झाली. इतिहासकार टिम मेसन स्वतः मार्क्सवादी, पण तेही म्हणतात की १९३६ नंतर उद्योगांच्या हितापेक्षा राजकारण वरचढ झालं. इटलीत मात्र चित्र फार उघडं आहे, १९२० ला कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले आणि त्यानंतर उत्तरेकडच्या पो नदीच्या खोऱ्यातल्या जमीनदारांच्या पैशावर फॅसिस्ट टोळ्यांनी शेतमजुरांच्या संघटनांची ऑफिसं जाळली.

चौकस: आणि त्या दुकानदारांना शेवटी काय मिळालं?

रातकिडा: पक्षाच्या १९२० च्या जाहीरनाम्यात होतं की मोठी स्टोअर्स ताब्यात घेऊन छोट्या व्यापाऱ्यांना स्वस्त भाड्यानं देऊ. १९३३ च्या उन्हाळ्यात टिट्झ या ज्यू कुटुंबाची डिपार्टमेंट स्टोअर्सची साखळी बुडायला आली तेव्हा हिटलरच्या संमतीनं तिला कर्ज मिळालं. ज्यू मालकांना बाहेर काढलं, पण स्टोअर्स तशीच चालू राहिली.