मदत हवी आहे : आंब्याच्या पार्टीला नोटीस, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

नाटे_बंदर
नमस्कार मंडळी. आंब्यातल्या माझ्या एका पार्टीला (अशिलाला) आयकराची नोटीस आलीय. निव्वळ शेती उत्पन्न ११ लाख, करमाफ म्हणून दाखवलेलं. आता पुरावा मागतायत. सात-बारा आणि वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) जोडून टाकू का? कोणाकडे उत्तराचा तयार मसुदा असेल तर इथेच डकवा. शुक्रवार शेवटचा दिवस आणि पोर्टल रांगतंय. रिटर्न मी भरलेलं नाही, आधीच्या माणसाने भरलंय. लेक्चर नको, मसुदा हवा.

देवगडचो_झील
रे बाबा, नोटीस खंयच्या कलमाची, खंयच्या वर्षाची, कायच लिवलंस नाय. आमका काय सपान पडतलां? आणि सात-बारो कोणाच्या नावार?

नाटे_बंदर
१४२(१), माहिती मागणारी. त्याआधी जूनमध्ये तपासणीची १४३(२) आलेली, पार्टीने मेल उघडलाच नव्हता. आकारणी वर्ष २०२४-२५. सात-बारा वडिलांच्या नावावर आहे. मसुदा?

आमसूल
एवढं टेन्शन कशाला? अद्ययावत रिटर्न भरा, कर भरा, मोकळे व्हा. माझ्या दोन पार्ट्या अशाच सुटल्या.

सीए_चिपळूण
आमसूल, त्यांची तपासणी सुरू झाली नसेल. इथे १४३(२) लागलीय. त्या वर्षाची आकारणी चालू असताना १३९(८अ) चं, म्हणजे अद्ययावत, रिटर्न भरता येत नाही. सुधारित रिटर्नची मुदतही १५ जानेवारी २०२५ ला संपली. कृपया कोणाला खड्ड्यात घालू नका. नाटे_बंदर, क्षेत्र किती?

आमसूल
इथे सगळे सीए नाहीत हो. आम्हीही वीस-पंचवीस वर्षं हेच करतोय.

सीए_चिपळूण
पदवीचा विषयच नाही, कलमाचा आहे.

नाटे_बंदर
भांडा नंतर. क्षेत्र ३२ गुंठे.

देवगडचो_झील
३२ गुंठ्यात ११ लाख निव्वळ? कलमांका सोन्याचो मोहोर इलो काय?

नाटे_बंदर
अहो घरची कलमं थोडीच आहेत. बाकी बागा कराराने घेतो, सहा-सात मालकांच्या. फवारणी, खत, राखण, काढणी सगळं पार्टी करते. गुरखे ठेवलेत. आंब्यात असंच चालतं, हे काय सांगायला पाहिजे?

खाडीपलीकडे
हेच तर पहिल्या ओळीत सांगायला पाहिजे होतं. सगळी केस इथेच आहे. करार कसला? जमीन भाड्याने घेतली आहे, की झाडावरचं फळ विकत घेतलंय? लेखी आहे का?

नाटे_बंदर
स्टॅम्प पेपर आहे. 'चालू हंगामातील आंबा फळे विकत दिली, जमिनीवर कोणताही हक्क राहणार नाही' असं काहीतरी. सगळ्यांचा मजकूर एकच.

पट्टीवाला
मी वाशीला दलालाकडे हिशेब बघतो. पार्टीने हंगामाआधी दलालाकडून रोख उचल घेतली असेल तर तेही बघून ठेवा. २० हजार किंवा जास्त रोख कर्ज घेतलं की २६९एसएस लागतं आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा. देणारा-घेणारा दोघेही फक्त शेती उत्पन्नवाले असतील तरच सूट, आणि दलाल काही शेतकरी नाही.

नाटे_बंदर
उचलीचं कोणी विचारलेलं नाही.

पट्टीवाला
पट्ट्या जोडल्यात की विचारतील. पट्टीतच उचल वजा केलेली दिसते.

निवृत्त_मास्तर
कराराने बागा देऊ नयेत असं मी गावात किती वर्षं ओरडतोय. कराराला घेणारा एका हंगामाचा पाहुणा. ढोसून कल्टार (मोहोर लवकर आणणारं औषध) घालतो, दोन वर्षं आंबा लवकर काढतो, नंतर झाड मालकाच्या गळ्यात. दापोलीच्या विद्यापीठाने झाडाच्या विस्तारावर मात्रा ठरवून दिलीय, ती वाचतो कोण? माझ्या वडिलांनी लावलेली सहा कलमं अशीच बसली.

देवगडचो_झील
मास्तर, सगळे तसले नसतत. मी स्वतः दुसऱ्याची बाग घेतंय. शेणखत मी घालतंय, मालक मुंबैक बसान वर्षाक एकदा पैसे न्हेता.

निवृत्त_मास्तर
मालक मुंबईत बसतो कारण इथे राहून पोट भरत नाही. तो वेगळा धागा होईल.

खाडीपलीकडे
मुद्द्यावर येऊ.
शेती उत्पन्नाला मालकी लागत नाही, हे पहिलं. कुळाने, भाडेपट्ट्याने कसलं तरी चालतं. पण जमिनीत काहीतरी हक्क हवा आणि उत्पन्न शेती करून आलेलं हवं. उभं पीक विकत घेऊन तोडून विकणारा व्यापारी ठरतो, असं मद्रास उच्च न्यायालयाने १९५१ मध्येच मद्दी वेंकटसुब्बय्या प्रकरणात म्हटलंय. तुमच्या स्टॅम्पवरचं वाक्य वाचलं की अधिकारी तिथेच बोट ठेवणार.
गंमत अशी, की ते वाक्य आयकरासाठी लिहिलेलंच नाही. ते कूळ कायद्याच्या भीतीने लिहिलेलं असतं. आपल्याकडे मालकाला 'भाडेपट्टा' म्हटलं की घाम फुटतो. उद्या पीकपाहणीला घेणाऱ्याचं नाव लागेल, तो कूळ म्हणून उभा राहील. म्हणून गावोगावचे लेखनिक 'फक्त फळे विकली' असं घालतात. मालक वाचतो आणि घेणाऱ्याची करमाफी त्याच ओळीत बुडते.

सीए_चिपळूण
पूर्ण बुडत नाही. पार्टीने खत, तण, फवारणी, वर्षभर निगा केली असेल तर नुसतं 'तयार फळ घेतलं' असं म्हणता येणार नाही. बिनय कुमार सहस रॉय (सर्वोच्च न्यायालय, १९५७) वाचा. नांगरणी, लागवड ही मूळ कामं आणि निगा, छाटणी, काढणी ही नंतरची. नंतरची कामं मूळ कामांना जोडून असतील तरच शेती.

खाडीपलीकडे
बरोबर, पण लागवड मालकाच्या आजाने केली. घेणारा फक्त नंतरची कामं करतो. तिथेच वाद अडकतो. मोहोर येण्याआधी बाग घेतली की फळ धरल्यावर, याने बराच फरक पडेल. नाटे_बंदर, करार कोणत्या महिन्यातले?

नाटे_बंदर
चार करार पावसाळा संपल्यावरचे, ऑक्टोबरमधले. बाकी फेब्रुवारीतले.

सीए_चिपळूण
मग सगळं एका पिशवीत घालू नका. ऑक्टोबरच्या बागांसाठी भांडा. खताची, औषधाची बिलं आणि गुरख्यांच्या पगाराच्या नोंदी काढा. फेब्रुवारीतला माल म्हणजे फळ धरल्यावर घेतलेला, तो धंदा म्हणून मान्य करा.
आता महत्त्वाचं. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असलं की रिटर्नमध्ये जिल्हा, पिनकोड, क्षेत्र आणि 'स्वतःची की भाडेपट्ट्याने' हे भरावं लागतं. तिथे काय टाकलंय?

नाटे_बंदर
बघतो.

नाटे_बंदर
१४ एकर. 'स्वतःची'.

देवगडचो_झील
झाला कल्याण.

सीए_चिपळूण
हे त्रासाचं आहे. कमी उत्पन्न दाखवलं तर २७०अ खाली चुकवलेल्या कराच्या ५० टक्के दंड. चुकीची माहिती दिली असं ठरलं तर २०० टक्के. म्हणून उत्तरात स्वतःहून सांगा की १४ एकर ही कराराच्या बागांसह धरलेली बेरीज आहे. करार जोडा. नुसता ३२ गुंठ्यांचा सात-बारा लावून गप्प बसलात तर तोच पुरावा तुमच्याविरुद्ध जाईल.

आमसूल
४४एडी (अंदाजे नफ्यावर कर) लावा ना. ८ टक्के नफा. खात्यात ३८ लाख आले असतील तर तीन लाखसुद्धा होत नाहीत.

खाडीपलीकडे
३८ चे ८ टक्के ३ लाख ४ हजार होतात. पण आकडा कशाला, पार्टीने स्वतःच्या हाताने ११ लाख निव्वळ लिहून दिलंय. आता कोण म्हणेल नफा तीनच लाख?
आणि घाबरण्याआधी कर तरी मोजा. सगळे ११ लाख धंद्याचे धरले, दुसरं काही उत्पन्न नसलं, नवी कर प्रणाली धरली, तर ७५ हजार कर, उपकरासह ७८ हजार. वर व्याज. यासाठी खोटी पावती बनवायची गरज नाही.

आमसूल
खोटी पावती मी कुठे म्हटली?

खाडीपलीकडे
तुम्हाला नाही म्हटलं. आमच्या भागात मागच्या तारखेचे स्टॅम्प शोधणारे निघतात, त्यांना म्हटलं.

निवृत्त_मास्तर
जीएसटी लागेल का या माणसाला?

पट्टीवाला
ताज्या आंब्याला जीएसटी नाही मास्तर. पल्प किंवा कॅनिंग करत असेल तर गोष्ट वेगळी.

नाटे_बंदर
पल्प करत नाहीत. मसुदा कोणी दिलाच नाही. असो. पोर्टलवर मुदतवाढ मागितलीय. मालकांकडून करारांच्या प्रती मागतोय, एक मालक फोनच उचलत नाही. फेब्रुवारीवाल्या बागांचा हिशेब वेगळा काढतो. खत-औषधाची बिलं पार्टीच्या भावाच्या नावावर आहेत, चालतील का?

सीए_चिपळूण
भाऊ पार्टीच्या धंद्यात आहे का? की त्याच्या स्वतःच्या बागा आहेत?

देवगडचो_झील
बघ, परत अर्धीच गोष्ट सांगितल्यान.