अकरा ते चार, निम्मा पगार : घ्यावं की नाही?

डोंबिवलीकर आई (धागा सुरू करणारी)

मुलगी दुसरीत आहे, मुलगा साडेतीन वर्षांचा. विमा कंपनीत क्लेमच्या कामात मला अकरा वर्षं झाली. ऑफिस फोर्टला, साडेनऊ ते सहा. सकाळी पावणेआठला घर सोडते, रात्री पावणेआठला परत येते. मुलं तोवर पाळणाघरातच जेवलेली असतात, धाकटा तर कधीकधी झोपलेला असतो.

कंपनीने आता विचारलंय, अकरा ते चार करता का? पगार निम्मा, साठचे तीस हजार. घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो, पाळणाघराचे साडेआठ हजार पाचावर येतील. ओढाताण होईल, पण निभेल.

परवा धाकटा जिन्यात पडला आणि माझ्यासमोर "काकू" म्हणून रडला. काकूंबद्दल तक्रार नाही, त्या आहेत म्हणून माझी नोकरी आहे. पण ही दोन-तीन वर्षं मला हवी आहेत. माझं मत असं की ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावं. तुम्ही काय म्हणाल?

कल्याणहून

घेऊ नका. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन तीन तास तेवढेच राहणार. पाच तासांच्या कामासाठी तीन तास प्रवास. तुमच्याच वेळा धरल्या तर सकाळ-संध्याकाळ मिळून जेमतेम साडेतीन तास हाती येतात, त्यातला निम्मा वेळ डबे आणि धुण्यात जाईल, कारण "आता तू घरीच असतेस ना" हे सुरू होतंच.

दुसरं, फाइली निम्म्या होणार का? माझ्या आधीच्या ऑफिसात एकीने असंच अर्धवेळ घेतलं. मार्चमध्ये ती रात्री अकरापर्यंत घरी लॅपटॉप उघडून बसायची. पगार निम्मा, काम पाऊण.

आणि हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो, हे वाक्य मीही म्हणायचे. २०२१ साली तो गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. माझी पूर्ण नोकरी होती म्हणून घर राहिलं. तुम्हाला भीती घालायची नाही, पण हिशेबात हे धरा.

नाशिकची, लॅबमध्ये काम

कल्याणच्या ताईंचं दुःख मोठं आहे, त्यावर मी काय बोलणार. तरी माझा अनुभव उलटा आहे. मुलगी तिसरीत असताना मी अर्धी पाळी घेतली. शाळेतून "आळशी आहे, लिहीत नाही" अशाच चिठ्ठ्या यायच्या. दुपारी तिच्याशेजारी रोज बसायला लागले तेव्हा महिनाभरात लक्षात आलं की तिची अक्षरांत गल्लत होते, ती धडे पाठ करून वाचल्यासारखं करते. पुढे तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. रात्री आठला थकून आले असते तर मीही तिला आळशीच म्हटलं असतं.

याची किंमत मोजली. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आज माझी वरिष्ठ आहे. पूर्ण पाळी पुन्हा मागितली तेव्हा "जागा भरली" असं उत्तर मिळालं. तरीही आज कुणी विचारलं तर पुन्हा तेच करेन.

पाळणाघरवाली काकू

एकोणीस वर्षं घरात पाळणाघर चालवते, म्हणून बोलते. मुलं तास मोजत नाहीत. घड्याळ न कळणाऱ्या पोरालाही आपली आई कुणाच्या आईनंतर येते हे बरोबर माहीत असतं. रोज साडेसातला येणारीचं मूल सात वाजेपर्यंत मजेत खेळतं. आज चारला, उद्या सहाला, परवा "काकू, मीटिंग लांबली" असं जिचं असतं, तिचं मूल साडेतीनपासून दाराशी बसतं आणि खाऊलाही हात लावत नाही. अर्धवेळ घ्या की पूर्णवेळ, त्याला सांगितलेली वेळ मोडू नका. चारला सुटणं ऑफिसच्या मर्जीवर असेल तर त्यापेक्षा साडेसात पक्कं बरं.

ठाणे, पगारपत्रकं करतो

एक मुद्दा इथे कुणी काढला नाही, आणि तो फार महाग पडतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, शेवटच्या पगारावर मोजतात : शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. तुमचं मूळ वेतन तीस हजार धरू, महागाई भत्ता वेगळा नाही असंही धरू. आज सोडलंत तर अकरा वर्षांचे साधारण १ लाख ९० हजार. मूळ वेतन पंधरा हजारांवर आलं आणि दोन वर्षांनी सोडलंत, तर तेरा वर्षांचे १ लाख १२ हजार ५००. दोन वर्षं जास्त काम करून पाऊण लाखाच्या वर गेले. अपंगत्व आल्यावर कमी पगारावर काम करणाऱ्याचा आधीचा काळ आधीच्या पगाराने मोजावा, अशी सोय कायद्यात आहे. मूल लहान आहे म्हणून पगार कमी झालेल्या बाईसाठी तशी नाही. पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापत असतील तर तोही निम्मा होईल, आणि गटविमा चालू राहतो का तेही विचारा. मन हो म्हणत असेल तर घ्या, पण आधी हे लेखी घ्या.

श्टुटगार्टहून

इकडे जर्मनीत अर्धवेळ काम करणाऱ्या आया पुष्कळ, आणि "टाइलत्साइटफाले" हा शब्दही घरोघरी माहीत, म्हणजे अर्धवेळेचा सापळा : आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. त्यावर २०१९ पासून कायदा आहे. ४५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत एक ते पाच वर्षांसाठी तास कमी मागता येतात, मुदत संपली की जुने तास परत. त्याला "पुलाची अर्धवेळ" म्हणतात. मी तीन वर्षं चोवीस तासांचा आठवडा केला आणि जुन्या तासांवर परतले. नाशिकच्या ताईंना "जागा भरली" ऐकावं लागलं, ते इथे मला कुणी म्हणू शकलं नसतं. आपल्याकडे तसा हक्क नाही, म्हणून मी तुमच्या जागी असते तर तारीख घातलेल्या पत्राशिवाय हो म्हटलं नसतं.

पुण्यातला बाबा

सगळे आईचेच तास कापताहेत. मी बायकोपेक्षा जास्त कमावत होतो, तरी मुलगा दोन वर्षांचा असताना कामाचा आठवडा मी तीन दिवसांचा केला. "बायको नोकरीला जाते आणि हा घरी" हे सोसायटीत दीड वर्ष ऐकलं. पण आज मुलाला ताप आला तर औषधाचं माप मलाही माहीत आहे. तुमचे यजमान आठवड्यात एक दिवस तरी लवकर येऊ शकत नाहीत का? तो प्रश्न घरात कुणी विचारला तरी का?

डोंबिवलीकर आई

सगळ्यांचं दोनदा वाचलं. ऑफिसातल्या पाळणाघराबद्दल एक-दोघींनी मला वेगळं विचारलं, म्हणून इथेच सांगते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं, आमच्याकडे सोय आहेही. पण सकाळच्या फास्ट लोकलला साडेतीन वर्षांच्या पोराला घेऊन चढायचं कसं? मी स्वतः कशीबशी चढते.

पुण्याच्या दादांचा प्रश्न काल रात्री घरी विचारला. नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, गुरुवारी साडेपाचला निघता येईल, बोलून बघतो. अकरा वर्षांत मी हे कधी मागितलंच नव्हतं.

हो म्हणण्याची इच्छा अजून आहे, पण आता तशी सही करणार नाही. तीन गोष्टी मागणार : अठरा महिन्यांनी पूर्णवेळ जागा परत, आजवरच्या अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी आजच्या पगाराने, आणि फाइलींचा कोटा निम्मा. सोमवारी एचआरशी बोलणं आहे. नाही म्हणाले तर साडेनऊ ते सहाच चालू ठेवेन, आणि गुरुवारी मुलांना नवरा आणेल.