मदत हवी आहे: केळीच्या चेंबरमधला खून आणि चार दिवस पुढे गेलेलं घड्याळ

नमस्कार मंडळी,

मी मूळचा धुळ्याचा, नोकरीमुळे बरीच वर्षं भुसावळात. तीन वर्षं झाली, एक कादंबरी लिहितोय. पोलीस तपासाचीच आहे, पण मधोमध विज्ञानकथेची एक खुंटी ठोकलीय आणि आता अख्खी गोष्ट त्या खुंटीला लोंबतेय. बायकोने दोन प्रकरणं वाचली आणि विचारलं, "म्हणजे भूत आहे का यात?" तेव्हा म्हटलं, इथे विचारावं.

गोष्ट अशी. सावद्याजवळ एक रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची बंद थंड खोली. सोमवारी रात्री साडेअकराला मॅनेजर आत जाताना सीसीटीव्हीत दिसतो. मंगळवारी पहाटे साडेपाचला वॉचमन दार उघडतो, तर मागच्या कोपऱ्यात मॅनेजर मरून पडलेला. मधे सहा तास, दुसरं कुणी आत गेलेलं नाही. पण शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणतात, माणूस मरून तीन दिवस तरी झालेत. आणि त्या कोपऱ्यातल्या चाळीसेक क्रेटमधली केळी पिवळीधमक, वर तपकिरी ठिपके. बाकी अख्खं चेंबर हिरवंगार.

खुलासा: चेंबर बसवणाऱ्या इंजिनिअरने एक यंत्र केलंय. ठरावीक जागेत वेळ सोळापट वेगाने धावते. बाहेर सहा तास, आत चार दिवस. हेतू काही थोर नाही, चार दिवसांचं पिकवणं एका रात्रीत उरकायचं. मॅनेजरला हे कळलं, म्हणून तो मारला गेला.

माझी सपोनि (सहायक पोलीस निरीक्षक) बाई हुशार आहे, पण तिला हे कळावं कसं? मी मृताच्या मनगटावर वडिलांचं चावीचं घड्याळ घातलंय. दार उघडलं तेव्हा त्यात साडेअकराच वाजलेले असतात (९६ तास म्हणजे पुरते चार दिवस, काटे फिरून तिथेच). सगळे समजतात, पडताना बंद पडलं. पण वाराच्या खिडकीत शुक्रवार असतो. हे पुरेसं आहे का? वाचकाला शेवटी फसवल्यासारखं तर वाटणार नाही ना? चेंबरबद्दल मी जे लिहिलंय ते यूट्यूबवर बघून. वॉचमनच्या तोंडी अहिराणी घातलीय. पोलिसी कागदपत्रांत काही चुकत असेल तर तेही सांगा.

कांदेबाग_रावेर

राम राम भाऊ. आमचं स्वतःचं चेंबर नाही, पण भावकीत आहे, हमालीपासून सगळं केलंय. आपल्याकडचा बराचसा माल हिरवाच दिल्ली, यूपीकडे जातो आणि तिकडे पिकतो, हे एकदा कुठंतरी येऊ द्या. नाहीतर पुण्याच्या वाचकाला वाटेल इथं घरोघरी चेंबर आहेत.

आता चेंबर. १६ ते १८ डिग्री, ओल ९० टक्क्यांच्या वर. पहिले २४ तास इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सोडायचं, शंभर पीपीएमच्या आसपास, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, दार बंद. मग दार उघडून हवा बदलायची. का, तर पिकताना केळी श्वास घेतात. ऑक्सिजन ओढतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो एक टक्क्याच्या वर गेला की पिकणं मंदावतं, आणि फारच साचला तर माणूस आत शिरल्यावर गरगरतं. जुने लोक दार उघडून अर्धा तास बाहेरच बसायचे, बिडी ओढत. तुमचा खून इथंच झाला ना! एक्झॉस्ट, म्हणजे आतली हवा बाहेर फेकणारा पंखा, बंद करून ठेवला की झालं. हत्यार नको, झटापट नको.

पण तुमचा कोपरा कोणालाच विचित्र वाटणार नाही. क्रेट खेटून लावले, त्यांच्यातून हवा फिरली नाही, की एका बाजूचा माल पिवळा आणि एका बाजूचा हिरवा निघतो. दर सीझनला एखादा लॉट असा फसतो. शिवाय पिकलेलं केळ स्वतः इथिलीन सोडतं, शेजारच्यालाही ओढतं. मालक म्हणेल, "हवा नाही लागली भो." विषय संपला.

आणि सावद्याचा वॉचमन अहिराणी नाही बोलत. इकडे लेवा बोली, तावडी. अहिराणी हवी असेल तर त्याला अमळनेर-पारोळ्याकडून आणा.

धागाकर्ता

बिडीचं चोरतोय, आधीच माफी मागतो. वॉचमन अमळनेरचा केला. एक्झॉस्टचं वाचून रात्री झोप लागली नाही, इतकं सोपं होतं ते. पण "हवा नाही लागली" या उत्तराने माझा सगळ्यात आवडता पुरावा मेला.

गणिताचे_सर_चोपडा

मेला नाही, उलट कामाला आला. आधी सगळ्यांना ते साधं उत्तर पटू द्या, मग ते कुठे तुटतं ते दाखवा. ते तुटतं उष्णतेपाशी.

पिकणारी केळी उष्णता सोडतात, कॉम्प्रेसर त्यासाठीच चालतो. चाळीस क्रेटनी चार दिवसांची उष्णता बाहेरच्या सहा तासांत सोडली, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला त्या कोपऱ्यातून सोळापट जोर दिसणार. कॉम्प्रेसर रात्रभर धापा टाकणार. चेंबरला तापमान नोंदवणारं यंत्र असेल तर त्यात ते उतरेल, वीज मीटरमध्येही. हवा न फिरल्याने केळी पिकतील, पण कॉम्प्रेसरवर सोळापट भार येणार नाही. म्हणजे इंजिनिअरचं बिलही वाचलं नाही. तीच उष्णता काढायची तर वीज तेवढीच लागणार.

खऱ्या जगात असली यंत्रं नसतात हे सांगायला नको. जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आपल्या रोजच्या व्यवहारात निसर्ग वेळ पुढे-मागे करतो तो एवढाच. तुम्ही सोळापट मागताय. मागा, पण एकदाच. त्यानंतर दुसरी सवलत नाही.

आणि चावीचं घड्याळ! चावी दिल्यावर ते साधारण दीड-दोन दिवस चालतं. मेलेला माणूस चावी देणार नाही. तुमचं घड्याळ मंगळवारी-बुधवारीच बंद पडेल, शुक्रवार दाखवायला पोचणारच नाही. सेलवर चालणारं घाला.

धागाकर्ता

सर, तीन वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. वडिलांचं चावीचं घड्याळ म्हणून दीड पान भावुक मजकूर आहे हो. सेलच्या घड्याळावर कोण रडणार?

निवृत्त_खाकी

रडण्याचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो. पहिल्या दिवशी खुनाचा गुन्हा दाखल होणार नाही. अकस्मात मृत्यूची नोंद होईल, कलम १९४, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. १ जुलै २०२४ नंतरची गोष्ट असेल तर खुनाला ३०२ लिहू नका, भारतीय न्याय संहितेचं १०३ लिहा. बोलताना मात्र जुने हवालदार अजून "तीनशे दोन"च म्हणतात, ते राहू द्या.

व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संतृप्त द्रावणात जातो आणि अहवाल लवकर येत नाही. तुमच्या डॉक्टरांना तीन दिवस कशावरून वाटले ते लिहा. पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट डाग, आखडलेलं शरीर पुन्हा सैल पडलेलं. मेल्यानंतर डोळ्यातल्या द्रवात पोटॅशियम वाढत जातं, तीही एक खूण आहे. पण तालुक्याला ते सहसा कोणी काढत नाही, जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजला पाठवल्याचं दाखवा. केळीच्या गोष्टीत पोटॅशियमवरून सुगावा, मजा येईल.

घड्याळाबद्दल एक. वॉचमनने साडेपाचला बघितलं. पोलीस पोचून पंचनामा सुरू व्हायला सात. चालू घड्याळ तोवर दीड तास पुढे जाईल. पंचनाम्यात साडेअकरा येणारच नाहीत, एक येईल.

धागाकर्ता

थांबा थांबा. वॉचमन जबाबात सांगतो, "साडेअकरावर बंद पडलेलं होतं." पंचनाम्यात लिहिलंय एक वाजता. सगळे म्हणणार, घाबरलेला माणूस, चुकीचं वाचलं. आणि दोन्ही खरं! शिवाय मध्यरात्र उलटली, म्हणजे वाराच्या खिडकीत आता शनिवार. मंगळवारी शनिवार दाखवणारं घड्याळ बघून कोणीही चपापणार नाही. माझ्या सासऱ्यांच्या घड्याळात बारा महिने बुधवार असतो.

निवृत्त_खाकी

आणि नव्या कायद्यात कलम १०५ आहे. शोध आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, मोबाईलवर केलं तरी चालतं. तुमच्या बाईंना तो व्हिडिओ रात्री घरी पुन्हा बघू द्या. सेकंद काटा फिरतोय.

मिसळ_आणि_मासिकं

मी फक्त वाचक. फसवल्यासारखं वाटेल का, याचं उत्तर देते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला एक असा की शेवटी लांबलचक वैज्ञानिक स्पष्टीकरण द्यावं लागेल असं उपकरण वापरू नये. तुमचं यंत्र नेमकं तेच आहे. म्हणून ते शेवटी काढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच इंजिनिअरला चहाच्या टपरीवर कोणाला तरी बढाई मारू द्या, की माझं मशीन आलं तर एका रात्रीत माल पिवळा. वाचक हसेल आणि विसरेल. असिमॉव्हने विज्ञानकथेतल्या रहस्यकथा अशाच लिहिल्या, जगाचे नियम आधी सांगून टाकायचे आणि मग खून. मग वाचकाला एवढंच उरतं की सोमवार रात्र आणि सोळापट यांची सांगड सपोनिबाईंच्या आधी आपण का घातली नाही.

मला खटकलं ते दुसरंच. मृताचा मोबाईल कुठाय? तो तर चार दिवस पुढची तारीख दाखवेल ना?

धागाकर्ता

मोबाईल! चेंबरच्या जाड पॅनेलमध्ये रेंज नसते. हवालदार तो बाहेर आणतो, टॉवर लागतो आणि वेळ आपोआप बरोबर होते. पुरावा पोलिसांच्याच हातात पुसला जातो. ताई, हे प्रकरण तुमच्या नावावर.

घड्याळाचा तोडगाही सापडला. वडिलांचं चावीचं घड्याळ घरी कपाटात राहील, बंद. सपोनि मॅनेजरच्या बायकोला भेटायला जाते तेव्हा ती चावी देऊन कानाला लावते आणि म्हणते, "ह्याला रोज चावी द्यावी लागते, म्हणून यांनी सेलचं घेतलं." दीड पान वाचलं.

शेवटचं विचारतो. त्या कोपऱ्यातली केळी पोलीस जप्त करतील का? कोर्टात काय दाखवायचं?

कांदेबाग_रावेर

ठिपके पडलेत म्हणजे अजून दोन दिवस. मुद्देमाल म्हणून ठाण्यात ठेवाल तर तिसऱ्या दिवशी काळी पडून पाणी सुटेल, आणि हवालदार तुम्हालाच शिव्या देईल. फोटो काढा, दोन फण्या लॅबला पाठवा. उरलेल्यांचं काय होतं ते वॉचमनला विचारा, त्याच्या घरी शिकरण झालेलं असेल.