मदत हवी आहे : चिंचेतील भुंगेरा साठवलेल्या भुईमुगात उतरतो का?

सर्वांना नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यात उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा बियाण्यासाठी पोत्यांत भरून ठेवतो, आणि गेली दोन वर्षे श्रावण येईपर्यंत त्यांतील बऱ्याच शेंगांना ज्वारीच्या दाण्याएवढी गोल भोके पडलेली दिसतात. आत दाण्याऐवजी भुगा असतो आणि पोत्याच्या विणीला कागदासारखे पातळ, पांढरट कोश चिकटलेले असतात. मागच्या मांड्या जाड असलेला तपकिरी भुंगेरा पाहता ही कॅरीडॉन सेराटस नावाची कीड आहे, याविषयी मला शंका उरलेली नाही.

हीच कीड चिंच, बहावा आणि आपटा यांच्या शेंगांतही वाढते. आमच्या कोठीपासून वीस पावलांवर जुनी चिंच आहे. यंदा तिच्याखाली पडलेले चिंचोके फोडले, तेव्हा त्यांतही तशाच अळ्या सापडल्या. झाड तोडण्याचा सल्ला मिळाला, पण तो मला मुळीच पटत नाही, कारण ओढ्याकाठचे बहावे आणि डोंगरावरचे आपटे तरीही राहणारच. शिवाय सेनेगलमधील अभ्यासांत निरनिराळ्या झाडांवर वाढणाऱ्या या भुंगेऱ्यांच्या समूहांमध्ये भेद आढळले आहेत, त्यामुळे चिंचेवरचा भुंगेरा भुईमुगावर सहज येतोच, असे गृहीत धरणे मला घाईचे वाटते.

चिंचोक्यांतून निघालेले भुंगेरे भुईमुगाच्या शेंगांवर ठेवून कोणी पाहिले आहे का? पडलेल्या चिंचा काढणीपूर्वी वेचून नष्ट केल्यावर साठवणीतील कीड कमी झाल्याचा अनुभव कोणाला आहे का? तसेच हवाबंद पिशव्यांत शेंगा ठेवल्यास उगवणक्षमता टिकते का, हेही कृपया कळवावे.