कॅलिब्रेट करायचं म्हणजे मराठीत नेमकं काय करायचं?

खरखर
हौशी रेडिओच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी चार पानांची माहिती मराठीत करतोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. 'मोजण्याआधी रिसीव्हर प्रमाण केंद्रावर कॅलिब्रेट करा' हे वाक्य. (प्रमाण केंद्र म्हणजे अचूक फ्रिक्वेन्सीवर सिग्नल देणारं रेडिओ केंद्र.) मी 'प्रमाणित करून घ्या' लिहिलं. क्लबातल्या एका काकांनी लाल पेनाने खोडलं, 'प्रमाणित म्हणजे कुणीतरी शिक्का मारून दिलेलं.' मग 'जुळवून घ्या' लिहिलं, तेही खोडलं.

कृती अशी आहे. 10 मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे प्रमाण केंद्र लागतं. डायल 9.999 वर ठेवायची, यूएसबी (अपर साइडबँड, डायलच्या वरच्या बाजूचं ऐकायचा मोड) लावायचं. बरोबर 1000 हर्ट्झचा, म्हणजे दोन्हींतल्या फरकाइतका, स्वर यायला हवा. माझ्या घरी बांधलेल्या बिटएक्स रेडिओ संचावर मोबाइलमधल्या गाण्याच्या ट्यूनरने 880 दाखवला. म्हणजे डायल 120 हर्ट्झ कमी सांगते, 12 पीपीएम (दहा लाखांत बारा). तेवढं वहीत लिहायचं, बस. जुळवलं काहीच नाही, किती चुकतंय ते फक्त कळलं. ह्या 'कळून घेण्याला' एक क्रियापद द्या.

शुद्धमती
शब्द तयार आहे, आपण वापरत नाही इतकंच. अंशशोधन. एनएबीएलचं हिंदी नाव वाचा, 'राष्ट्रीय परीक्षण और अंशशोधन प्रयोगशाला प्रत्यायन बोर्ड'. संस्कृत शब्द आहे, मराठीत सहज बसतो. आणि जाता जाता, मुलांना फ्रिक्वेन्सी न शिकवता कंप्रता शिकवा. विश्वकोशात तोच शब्द आहे.

तारवाला
अंशशोधन ऐकून मुलगा थर्मामीटर शोधायला जाईल.

आमच्या वेळी व्हॉल्व्हच्या रिसीव्हरमध्ये 100 किलोहर्ट्झचा क्रिस्टल असायचा. दिल्लीचं प्रमाण केंद्र एटीए 10 मेगाहर्ट्झवर लावायचं आणि क्रिस्टल चालू करायचा. त्याचा शंभरावा हार्मोनिक (शंभर पटीचा सिग्नल) तिथेच पडतो, त्यामुळे दोघांची शिट्टी वाजते. मग प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने ट्रिमर (क्रिस्टल किंचित वरखाली करणारा स्क्रू) केसभर फिरवायचा (लोखंडी चालत नाही, जवळ नेला की पुन्हा बिघडतं). शिट्टी उतरते, तिची घुरघुर होते, मग झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं नुसतं भरतं आणि ओसरतं. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत येताना होतं ना, अगदी तेच. आम्ही 'मेळवणं' म्हणायचो. ऑन एअर झिरो बीट (शिट्टी शून्यावर आणणं), घरात मेळवणं.

खरखर
तारवाला, सुंदर. पण तुम्ही ट्रिमर फिरवलात. माझा मुलगा काहीच फिरवत नाही, तो फक्त चूक मोजतो. काकांचा सगळा आक्षेप तिथेच आहे.

बार्शीकर
मग उत्तर आमच्या दुकानात आहे. पासंग!

आजोबांचा किराणा होता. सकाळी काटा रिकामा टांगायचा. एक पारडं खाली जायचं. दुसऱ्या पारड्याच्या साखळीला तारेचं वेटोळं अडकवायचं, दांडी सरळ झाली की धंदा सुरू. रिकाम्या काट्यात जो फरक तोही पासंग, आणि तो भरायला लावलेलं वेटोळं तेही पासंग. तुमचे 12 पीपीएम म्हणजे त्या बिटएक्सचा पासंग. 'मोजण्याआधी रिसीव्हरचा पासंग काढा.' झालं वाक्य.

शुद्धमती
पासंग फारसी. पा आणि संग, संग म्हणजे दगड. अंशशोधन टाकून दगड उचलायचा? शिवाय आमच्या आजीच्या तोंडी 'मेला पासंग मारतो' म्हणजे वाणी लबाड.

बार्शीकर
ताई, लबाड वाणी पासंग लपवतो, काढत नाही. आजोबा गिऱ्हाईक आलं की आधी रिकामा काटा दाखवायचे. आणि 'शिल्लक', 'हजर', 'दुकान' हे शब्दही परत करायचे असतील तर आधी सांगा, पाटी रंगवायला वेळ लागतो.

डेन्व्हरकर
पासंगाला माझं मत, पण एक भर घालतो. काट्याचा पासंग दिवसभर तोच राहतो, रेडिओचा राहत नाही. संच गरम होईपर्यंत अर्धा तास तो सरकत असतो. आणि प्रमाण केंद्र स्वतः अचूक असलं तरी तुमच्यापर्यंत पोचणारा सिग्नल आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून येतो. पहाटे आणि संध्याकाळी ते आयनांबर वरखाली होतं, 10 मेगाहर्ट्झवर एखाद्या हर्ट्झचा फरक सहज पडतो. मला अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूव्ही या प्रमाण केंद्राचं गाव फोर्ट कॉलिन्स गाडीने तासाभरावर, म्हणून चैन आहे. 2019 मध्ये त्या केंद्राची शंभरी झाली, तेव्हा हौशींनी मिळून हेच सरकणं मोजलं होतं. तेव्हा पानात 'भर दुपारी, संच तापल्यावर' एवढं तरी घाला.

तारवाला
बरोबर. पण 12 पीपीएमवाल्या बिटएक्सला एका हर्ट्झची चिंता म्हणजे बैलगाडीला एअरबॅग. 7.1 मेगाहर्ट्झवर हा गडी 85 हर्ट्झ बाजूला असणार, आवाज जरा नाकातून येईल इतकंच.

आणि ते कंप्रता राहू द्या. शाळेत वारंवारता शिकलेली पोरं आहेत. आमच्या नेटवर (रेडिओवर ठरल्या वेळी भरणाऱ्या बैठकीत) तर दोन्ही नाहीत, 'अर्धा किलो वर आहेस, खाली ये' एवढंच.

शुद्धमती
किलो कशाचा? हेच मी म्हणते. एकक गिळून टाकायचं आणि त्याला बोली म्हणायचं. वारंवारता म्हणजे एखादी गोष्ट किती वारंवार होते, बस किती वेळा येते तेही त्यात आलं. कंप्रतेत कंपन दिसतं.

बार्शीकर
बसलाही पासंग असतो. वेळापत्रक आणि प्रत्यक्ष यातला.

तारवाला
लाल परीचा पासंग मोजायला एटीए नाही, कॅलेंडर लागतं.

खरखर
पान काल छापायला गेलं. मुख्य वाक्यात 'कॅलिब्रेट करा' ठेवलं आणि खाली चौकटीत बार्शीकरांचं वेटोळं, चित्रासकट. काकांनी 'पासंग' खोडला नाही, बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. मात्र शीर्षकातल्या 'हौशी'वर लाल रेघ मारली. म्हणे हौशी म्हणजे लग्नात फेटा बांधून मिरवणारा, परीक्षा देऊन परवाना घेणारा हौशी कसा?

तारवाला
काकांना सांगा, माझ्या घरी गेली चाळीस वर्षं हेच म्हणतात, आणि फेटासुद्धा नाही.

शुद्धमती
'हौस'ही अरबीच. ह्यावर वेगळा धागा काढा, ह्यात कंप्रतेचं अजून संपलेलं नाही.