तंबोऱ्याचे स्वयंभू स्वर खरंच १:२:३:४ असतात का?

लष्करकर, ग्वाल्हेर
तानसेन समारोह जवळ आला की आपल्याकडे तंबोरे जुळवण्याची चर्चा रंगते. त्यात एक वाक्य हमखास येतं: तारेचे स्वयंभू स्वर (तार छेडली की मूळ स्वर आणि त्यासोबत आपोआप उमटणारे वरचे स्वर) अचूक पूर्णांक पटीत असतात, म्हणून षड्जाच्या ५/४ पट हाच खरा गांधार. मला हे पटत नाही. पूर्णांक पट निघते ती ताठरपणा नसलेल्या तारेत, आणि तशी तार कागदावरच असते. जोडीची (मधल्या दोन षड्जाच्या तारांपैकी) पोलादी तार ०.३ मिमी, लांबी ९० सेंमी, षड्ज काळी एक (१३८.६ हर्ट्झ) धरा. दहावा स्वयंभू स्वर पूर्णांक पटीपेक्षा सुमारे अडीच सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग) चढा निघतो, विसावा जवळजवळ दहा.

मध्यसप्तक
हिशेब बरोबर, निष्कर्ष ओढूनताणून. गांधार म्हणजे पाचवा स्वयंभू स्वर. तुमच्याच आकड्यांनी तो अर्ध्या सेंटच्या आसपास चढतो. हार्मोनियमचा गांधार १४ सेंट चढा असतो, भांडायचं तर त्याच्याशी भांडा!

लष्करकर
पण गांधार ऐकू येतो खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून. तिथे पितळी तार, साधारण ०.५ मिमी, षड्ज निम्मा. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) परिणाम सोडला तर पाचवा स्वर ३ सेंट चढा, दहावा १२.

थापी
तबल्याकडेही बघा. नुसत्या गोल चामड्याचे स्वर १ : १.५९ : २.१४ : २.३० असे विस्कटलेले. शाईच्या (मधल्या काळ्या लेपाच्या) थरांमुळे ते पूर्णांकांजवळ येतात; भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच हे मांडलं. शाई तडकली की सूर गेलाच. पूर्णांक इथे कारागिराने आणलेले आहेत. उलट बासरी किंवा हार्मोनियमची पट्टी स्थिर वाजत असताना तेच आवर्तन पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे तिथे पट अचूकच. छेडून सोडलेल्या तारेला तो नियम लावू नका.

मध्यसप्तक
घोडी सोडून कसं चालेल? जवारी, म्हणजे घोडीच्या रुंद माथ्याला तार लागून येणारा झणकार, हाच तंबोऱ्याचा प्राण! मोजूनच बघू. गंजलेली, मुरडलेली तार आधी बदला, नाहीतर स्वर तसेही वेडेवाकडे येतील. बाकी तारा कापडाने दाबा. छेडताच ताण वाढून स्वर चढतो, म्हणून पहिला अर्धा सेकंद सोडा आणि पुढचे ५ सेकंद घ्या. एकच सेकंद घेतलात तर १ हर्ट्झच्या खाली काही दिसत नाही, आणि खर्जाच्या मूळ स्वरावर तेवढ्यात २५ सेंट बुडतात. मूळ स्वर मोजूच नका, पाचवा आणि दहावा ताडून पाहा. आधी जवारीचा दोरा (तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला धागा) काढून, मग घालून. दोरा असतानाही दहावा पाचव्याच्या दुपटीपेक्षा ९ सेंट चढा आला तर तुमचं मान्य. दोनच्या आत आला तर माझं.