सांचीला नागपूरहून टॅक्सी? कशाला भाऊ!

टॅक्सीशिवाय सांची होत नाही असं म्हणतात, ते काही पटलं नाही बाप्पा. आम्ही दोघं रात्रीच्या गाडीनं, स्लीपरमधून, इटारसी-भोपाळमार्गे थेट विदिशाला उतरलो. सांचीला एक्सप्रेस गाड्या फार कमी थांबतात. विदिशाहून ते जेमतेम 10 किलोमीटर, बस मिळते. (पोहे तिथंही मिळतात, पण तर्री विसरा!) मोठ्या स्तूपाचं दक्षिण तोरण, म्हणजे दगडी प्रवेशद्वार, सावकाश पाहा. सातवाहन घराण्यातल्या सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद, याच्या दानाचा लेख त्यावर आहे. विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलेल्या कोरीवकामाचाही. म्हणजे आपले सातवाहनच की! उदयगिरीच्या लेण्यांतलं वराहाचं शिल्प विदिशाजवळच आहे, ऑटोवाल्याशी भाव मात्र बसायच्या आधी ठरवा.